मर्लचा शेवटचा डबा

मर्ल हॉगनला पुरून आले त्या दिवशी त्याच्या बायकोच्या, लॉर्नाच्या, स्वयंपाकघरात चीज घालून भाजलेल्या नूडल्सची अकरा भांडी जमली, आणि प्रत्येक भांड्यामागे एकेक पुरुष. भांडं बायकोच्या हातात, आणि नवऱ्याचे डोळे खिडकीतून मागच्या शेडकडे. "लॉर्ना, फार वाईट झालं गं," असं म्हणायचं, मिनिटभर मान खाली घालायची, मग घसा खाकरायचा. "जरा शेडमध्ये डोकावून येऊ का? शेवटचं एकदा बघावंसं वाटतं." शेवटचं म्हणे! शी! माणसाच्या अंगावरची माती अजून सुकली नव्हती.

लॉर्नाला कळत नव्हतं असं नाही. गेलं दीड वर्ष मोंटानातल्या त्या अख्ख्या खोऱ्यात दुकानांतून काडतुसं गायब झाली होती. काडतुसाच्या बुडाला बसवायच्या ठिणगीच्या टोप्या, ज्यांना ही मंडळी प्रायमर म्हणतात, त्या तर औषधालासुद्धा मिळत नव्हत्या. आणि मर्लच्या शेडमध्ये फळ्यांवर ओळीने डबे होते, भरलेल्या काडतुसांचे, प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर मर्लच्या अक्षरात तारीख. एप्रिलचं ऊन पडलं होतं आणि दुःख करायला आलेल्या बाप्यांच्या अंगावर जाड कोट होते, मोठ्या खिशांचे. जाताना ते खिसे चपटे होते, येताना लोंबत होते. लॉर्ना बेसिनपाशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिला अक्षरशः ओकारी आली. पण त्या दिवशी भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं, म्हणून ती भांडी घासत राहिली.

तशी लॉर्ना गप्प बसणारी बाई नव्हे. गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिने पोरांचं जेवण रांधलं. चारशे पोरांच्या बटाट्यात मीठ किती, ते ती चमच्याशिवाय, नुसत्या चिमटीने टाकायची आणि कधी चुकायची नाही. मर्ल लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने तिच्या दुधाच्या पातेल्यात शिसं वितळवलं, गोळ्या ओतायला म्हणून. लॉर्नाने ते पातेलं शिशासकट अंगणात भिरकावलं आणि म्हणाली, "माझ्या चुलीवर हे विष परत दिसलं, तर तुझं जेवणही याच पातेल्यात शिजेल." दुसऱ्याच आठवड्यात मर्लने मागे शेड बांधली. पुढची चाळीस वर्षं ती शेडच्या उंबऱ्याशी यायची, नाक दाबून "जेवायला चल" म्हणायची आणि परत फिरायची. आतला तो तेलाचा, शिशाचा, जळक्या दारूचा वास तिला कधी सोसला नाही.

पण उंबऱ्यातून दिसायचं सगळं. झाडलेल्या पितळी पुंगळ्या उचलून आणायच्या, घासायच्या, साच्यात दाबून मापात आणायच्या. बुडाला नवी टोपी, आत मोजून बंदुकीची दारू, वरून गोळी दाबून बसवायची. काम सोपं दिसतं, आणि सोपं दिसतं म्हणूनच माणसं मरतात, असं मर्ल म्हणायचा. रायफलची पुंगळी एक बरी. ती दारूने जवळजवळ भरतेच, दुसऱ्यांदा ओतलीत तर उतू जाईल, माणूस सावध होईल. रिव्हॉल्व्हरची पुंगळी मात्र महाबेरकी. तिच्या तळाशी जेमतेम नखभर दारू लागते. चुकून दोनदा ओतली तरी ती गपचूप पोटात घेते, वर गोळी बसते, बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. कळतं ते थेट चाप ओढल्यावर, आणि तेव्हा बंदुकीबरोबर बोटंही गेलेली असतात.

म्हणून मर्लचे नियम होते. लाकडी ठोकळ्याच्या भोकांत पुंगळ्या उपड्या ठेवायच्या. एक उचलायची, भरायची, मग ती सुलटी ठेवायची. म्हणजे भरलेली कोणती आणि रिकामी कोणती, यात घोळच नको. शेवटी बॅटरी घेऊन पन्नासच्या पन्नास पुंगळ्यांत डोकावायचं. टेबलावर दारूचा एकच डबा. रेडिओ बंद, तोंड बंद. आणि सगळ्यांत मोठा नियम त्याने गोळीबाराच्या मैदानावर फळीवर रंगवून ठेवला होता: दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. खोऱ्यातला जो तो हा नियम नाकाने कांदे सोलत दुसऱ्याला सांगायचा. तिथल्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष ड्युएन स्ट्रॅटन तर सगळ्यांत जास्त. हा ड्युएन टीव्हीवर फुटबॉल बघत, मांडीवर बिअर ठेवून काडतुसं भरायचा. मर्लला त्याचा असा तिटकारा होता! "ड्युएन काडतुसं भरत नाही," तो थुंकून म्हणायचा, "लॉटरीची तिकिटं भरतो."

दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी मर्ल मागच्या कुंपणापाशी रिव्हॉल्व्हरने डबे उडवत होता. तीन बार नीट झाले. चौथ्याला नुसतं फुस्स झालं, सोडाबाटली उघडल्यासारखं. मर्ल थांबला, ते एक नशीब. त्याने नळीत बघितलं. दारूशिवायच्या काडतुसाने गोळी अर्ध्यात नेऊन अडकवली होती. पाचवा बार काढला असता तर नळी फुटून तोंडावर आली असती. मर्ल हसला. "टोपी सर्दलेली असणार," म्हणाला. पण त्याच आठवड्यात लॉर्नाला गाडीची किल्ली फ्रिजमध्ये लोण्याच्या डबीत सापडली होती.

दुपारी मर्ल झोपला तशी ती शेडमध्ये शिरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला. काडतूस फोडायला एक पोकळ हातोडा असतो, तो तिला ठाऊक होता. त्यात काडतूस उलटं अडकवायचं आणि लाकडावर दोनतीनदा ठोकायचं, की गोळी आणि दारू हातोड्याच्या पोटात पडतात. त्या हातोड्याने तिने डब्यातली उरलेली सगळी फोडली. दोन रिकामी निघाली. एकात दारू दुप्पट होती.

आता डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने काय केलं असतं? डॉक्टरांना सांगितलं असतं. मर्लचा धाकटा भाऊ एमेट, त्याच्या कानावर घातलं असतं. शेडला कुलूप ठोकलं असतं. लॉर्नाने यातलं काहीएक केलं नाही. मूग गिळून बसली. का, तर रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन "जातो गं कामावर" म्हणत तो माणूस शेडकडे निघायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो रुबाब असायचा, तो तिला काढून घेववेना. किल्ल्या गेल्या, नावं गेली, शेजारणीचं कुत्रं कोणाचं ते विचारायला लागला. राहता राहिलं काय, तर शेड. मग तिने आपला एक धंदा सुरू केला. सकाळी मर्लने भरायचं, दुपारी तो झोपला की हिने फोडायचं. आवाज घरात जाऊ नये म्हणून हातोड्याखाली टॉवेलची घडी. निघालेली दारू परसातल्या रूबार्बच्या मुळाशी. मग त्याच पुंगळ्या, त्याचेच नियम, उपडी, सुलटी, बॅटरी, आणि हिच्या हाताने नवी भरलेली काडतुसं मर्लच्या डब्यात. पट्टीवर मर्लच्या वळणाचं अक्षर. फक्त आपले डबे आपल्याला ओळखू यावेत म्हणून ती पट्टीचा एक कोपरा कात्रीने तिरका कापायची. त्या दारूवर रूबार्ब असा माजला की ती आंबट देठं घालून भाजलेले केक तिला वाटावे लागले. ड्युएनने दोन खाल्ले आणि बोटं चाटली.

आणि गंमत बघा, हिचा हात मर्लपेक्षा चांगला बसला. मिठाची चिमूट एकतीस वर्षं चुकली नव्हती, ती इथे कशाला चुकते! मागच्या शरदात क्लबची स्पर्धा झाली. मर्लचं डोकं कामातून गेलं होतं, पण हात आणि डोळा शाबूत होते. तो पहिला आला. ड्युएनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बंदूक काय, कोणीही चालवेल. काडतूस बघा, काडतूस! असा हात या खोऱ्यात दुसरा नाही." लॉर्ना लिंबू सरबताचे कागदी पेले वाटत होती. तिला हसू आलं, आणि त्या थोबाडाची शिसारीही आली.

सहा एप्रिलच्या सकाळी मर्लने रिव्हॉल्व्हरची पन्नास काडतुसं भरली, पट्टी चिकटवली, तारीख घातली आणि घरात येता येता दारातच कोसळला. तीन दिवस हॉस्पिटलात होता, चौथ्या दिवशी गेला. तो डबा टेबलावर तसाच राहिला. लॉर्ना एकदा हातोडा घेऊन त्याच्यापर्यंत गेलीसुद्धा. पण हात उचलला जाईना. शेवटचं काम होतं ना त्याचं. उद्या बघू म्हणाली. पुरून आले त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती शेडमध्ये गेली, तर टेबलावरच्या धुळीत एक चौकोन उरलेला, डबा नाही.

तरी तिने मनाची समजूत घातली. दुसऱ्याचं काडतूस कोणी झाडत नाही. मेलेल्या माणसाचं तर नाहीच, ते फोडून पुंगळ्या आणि टोप्या तेवढ्या वापरतात. नियमच आहे. फळीवर लिहिलेला आहे.

तीन आठवड्यांनी ड्युएनच्या बायकोचा, ट्रूडीचा फोन आला. "शनिवारी मैदानावर मर्लसाठी सगळे जमतायत. तू बटाट्याचं सॅलड आण हं. आणि ऐक, ड्युएनने सांगू नकोस म्हणून बजावलंय, पण मला राहवत नाही. मर्लने भरलेला शेवटचा डबा आहे त्याच्याकडे! एमेट मर्लच्या रिव्हॉल्व्हरने सहा बार काढणार, मानवंदना म्हणून. मला तर आत्ताच रडू येतंय."

ते रिव्हॉल्व्हर लॉर्नाने स्वतःच एमेटला दिलं होतं. एमेट नालबंद होता. साठी उलटली तरी खोऱ्यातल्या घोड्यांना नाल ठोकत हिंडायचा. पोट हातावर. तिच्या डोळ्यांसमोर तो उजवा हात आला.

"ड्युएनला फोन दे," ती म्हणाली.

"काय गं, लॉर्ना?" ड्युएन फोनवर आला.

"तो डबा फोडून टाक."

"मर्लचा डबा? फोडू? डोकं फिरलंय का तुझं?"

"जुनी काडतुसं आहेत ती."

"जुनी? पट्टीवर सहा एप्रिल लिहिलंय! त्याच्या हातची अगदी शेवटची. हे बघ, तुला त्रास होतो हे आम्हाला कळतं. पण अख्ख्या क्लबला त्याचा मान करायचाय."

मर्लचं डोकं ठिकाणावर नव्हतं. एवढं एक वाक्य. जिभेपर्यंत आलं आणि तिथेच चिकटलं. हे वाक्य या माणसाला सांगायचं? जो उद्या ते बिअरबरोबर गावभर चघळेल? तिने फोन ठेवला आणि मग एमेटला लावला. त्याने उचलल्या उचलल्या सांगितलं, "लॉर्ना, सहाच्या सहा मीच काढणार आहे. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही." त्याचा आवाज भिजलेला होता.

"बरं," म्हणाली ती. बरं! फोन ठेवल्यावर तिला स्वतःची एवढी घृणा वाटली, की तिने बेसिनमध्ये चूळ भरून थुंकलं. शनिवारी सॅलडच्या भांड्याबरोबर तिने पिशवीत तो पोकळ हातोडा टाकला.

मैदानावर तीसेक माणसं होती. टेबलावर प्लास्टिकची फुलं, मर्लचा हसरा फोटो आणि फोटोसमोर तो डबा. पट्टीचे चारही कोपरे शाबूत. ड्युएनने टोपी काढून छातीवर धरली. मर्लने रंगवलेली फळी बरोबर त्याच्या डोक्यामागे होती.

"मर्लने आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली," तो म्हणाला. "दुसऱ्याचं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही. आज आपण हा नियम फक्त एकदा मोडणार आहोत. कारण मर्लचा हात कधी चुकला नाही."

आणि बाकीचे माना डोलावत होते! तेच सगळे, त्याच कोटांतले. लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एमेट पुढे आला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. त्याने डब्यातून एकेक करून सहा काडतुसं रिव्हॉल्व्हरच्या चक्रात घातली. चक्र बंद केलं आणि तो पांढऱ्या रेघेवर जाऊन उभा राहिला.

"एमेट, थांब," लॉर्ना म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण शाळेच्या जेवणघरात चारशे पोरांना गप्प करणारा होता. ती रेघेपर्यंत चालत गेली. "ती काडतुसं काढ. माझ्या हातावर दे."

एमेटने तिच्याकडे बघितलं. मग चक्र उघडून सहाच्या सहा तिच्या ओंजळीत ओतली.

"लॉर्ना, अगं हे काय?" ड्युएन पुढे झाला.

"हा डबा कुठून आणलास, ड्युएन?"

"तूच तर म्हणालीस की, शेड बघा म्हणून."

"बघा म्हटलं होतं. बघायला खिसा लागत नाही."

कोणीतरी खोकलं. लॉर्नाने सॅलडशेजारच्या सहा कागदी ताटल्या ओढून टेबलावर मांडल्या आणि हातोडा काढला. "मर्ल दोन वर्षं आजारी होता," ती म्हणाली. शेवटी निघालं एकदाचं तोंडातून. "त्याच्या डोक्यातून गोष्टी पुसल्या जात होत्या. त्याला आपण भरलंय की नाही ते आठवायचं नाही. ही काडतुसं झाडायच्या लायकीची नाहीत."

मागून कुजबुज झाली, "दुःखात आहे बिचारी." बिचारी म्हणे!

ठक, ठक, ठक. पहिलं फुटलं. तिने दारू पहिल्या ताटलीत ओतली. छोटासा काळा ढीग, हवा तेवढाच. दुसरं फोडलं. तेवढाच ढीग. तिसरं फोडलं. तोच, कणभरही इकडेतिकडे नाही. आणि काय सांगावं, प्रत्येक बरोबर ढिगाला त्या बाईच्या पोटात आनंद होत होता. शाबास रे मर्ल! शाबास! तिकडे ड्युएनच्या चेहऱ्यावर समजूतदार हसू पसरत होतं, लहान मुलाने हट्ट केल्यावर हसतात तसलं. तिला वाटलं, सहाही बरोबर निघावीत, मी वेडी ठरले तरी चालेल. मग वाटलं, आणि सातवं? आठवं?

"पुरे आता," ड्युएन म्हणाला. "ट्रूडी, हिला जरा सावलीत ने. पाणी दे."

"माझ्या अंगाला हात लावलास ना, तर या हातोड्यात पुढचा अंगठा तुझा असेल."

ठक, ठक. चौथ्या ताटलीत तिने हातोडा उलटा केला. दारू पडली, आणि पडतच राहिली. ढीग बाजूच्या ढिगाच्या सरळ दुप्पट झाला. चारही ढीग शेजारी शेजारी होते, मोजायची गरजच नव्हती.

ड्युएनचं हसू तोंडावरच वाळलं. त्याने एमेटच्या हाताकडे बघितलं, मग ताटलीकडे, मग पुन्हा हाताकडे.

"पण शरदातल्या स्पर्धेत तर..." तो म्हणाला. "ती काडतुसं?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"मी भरलेली. दोन वर्षं मीच भरतेय. त्याने भरायची, मी फोडायची, मी भरायची. असा हात या खोऱ्यात दुसरा नाही, असं तूच बोंबलला होतास."

ट्रूडीच्या तोंडून भलतंच काहीतरी निघालं, हसू की हुंदका कोण जाणे. आणि मग जे झालं ते बघून लॉर्नाला त्या अकरा भांड्यांच्या दिवशी आली नव्हती एवढी किळस आली. एकजण हळूच मागे सरकला आणि आपल्या ट्रककडे गेला. त्याच्यामागून दुसरा. मग तिसरा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ट्रकची दारं उघडली, सीटखाली हात गेले आणि एकेक डबा टेबलावर, मर्लच्या फोटोसमोर येऊन पडायला लागला. माफी कोणी मागितली नाही. लाज वाटून आणले असते तर एक वेळ पोटात घातलं असतं. आणले ते बोटांच्या भीतीने. ड्युएन सगळ्यांत शेवटी गेला आणि चार डबे घेऊन आला. चार! एवढे मावणारा खिसा कुठल्या शिंप्याने शिवून दिला होता कोण जाणे.

आणि वर निर्लज्ज विचारतो काय, तर, "लॉर्ना, यातले... म्हणजे, तू भरलेले कोणते? ते चांगले असतील ना? टोप्या मिळत नाहीत गं कुठे."

लॉर्नाने टेबलावर नजर फिरवली. निम्म्याहून जास्त पट्ट्यांचे कोपरे तिरके कापलेले होते. ती एका क्षणात वेगळे करून देऊ शकली असती.

"मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "सगळे फोडा. ज्याने उचलले त्याने फोडायचे. इथेच, माझ्यासमोर."

"सगळे? अगं, दिवस जाईल!"

"सॅलड आहे की."

तेव्हा कुठे ती बाकावर टेकली. एमेट येऊन शेजारी बसला. रिकामं रिव्हॉल्व्हर त्याच्या मांडीवर होतं.

"मला माहीत होतं, लॉर्ना," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुमच्याकडे आलो होतो ना. त्याने मला बाबा म्हणून हाक मारली. अंगणात नेलं आणि विचारलं, बाबा, मला कामावरून काढणार नाहीत ना? मी म्हटलं, नाही रे. तुला सांगितलं नाही. म्हटलं, तुला माहीत नसेल तर कशाला."

"आणि तरी तू ती काडतुसं चक्रात घातलीस?" लॉर्नाचा आवाज चिरकला. "माहीत असून?"

"तीस माणसांसमोर मर्लच्या काडतुसाला नको म्हणायचं? मला नाही जमलं. म्हटलं, झालं तर झालं."

"झालं तर झालं? अरे गाढवा! हात गेला असता तुझा! या हाताने खातोस तू!"

तिने त्याच्या खांद्यावर गुद्दा मारला, चांगला जोरात. मग तोच हात ओढून घेऊन दोन्ही हातांनी घट्ट धरला. नालांनी, खिळ्यांनी खरवडलेला, पाचही बोटं जागच्या जागी असलेला हात. समोर कोटवाले बापे हातोड्यासाठी नंबर लावून उभे होते. त्यांच्यावर थुंकावं तर आपण तरी कुठल्या वेगळ्या, असं तिला वाटलं. दोन वर्षं ज्या एकाच गोष्टीसाठी आपण एमेटला फसवलं, त्याच एका गोष्टीसाठी त्याने आपल्याला फसवलं. एका माणसाचा रुबाब सांभाळायला दोघं निघाली होती, आणि जाता जाता एक हात जाणार होता.

तिने पदराआडून काढावं तसं स्वेटरच्या खिशातून दोन काडतुसं काढली. सहातली उरलेली, पाचवं आणि सहावं.

"घे," ती एमेटला म्हणाली. "ए ड्युएन, हातोडा इकडे दे आधी. एमेट, तू ठोक."

एमेटने बाकाच्या फळीवर ठोकलं. पाचवं फुटलं. त्याने दारू स्वतःच्या तळहातावर ओतून घेतली आणि वाकून बघितली. लॉर्नानेही बघितली. चिमटीची सवय असलेल्या तिच्या नजरेला तोलकाट्याची गरज नव्हती.

"बरोबर आहे ना गं?" एमेटने विचारलं. "हे त्याने नीट भरलं होतं ना?"

"नीट भरलं होतं," लॉर्ना म्हणाली.

सहावं तिने फोडायला दिलं नाही. ते तिने मुठीत घट्ट धरून ठेवलं, आणि संध्याकाळी घरी जाऊन रूबार्बच्या वाफ्यात कोपरभर खोल खड्डा केला आणि न फोडताच पुरलं.